गच्चीखालची खोली आणि दीड टन

"रूम केवढी आहे?"

एसी घ्यायचा म्हणून एका संध्याकाळी सीताबर्डीवरची तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे पहिला प्रश्न हाच. मी सांगितलं, बारा बाय तेरा. पहिल्या दुकानातल्या पोरानं बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि दीड टन सांगितला. दुसऱ्यानं वरचा मजला आहे का, एवढं आणखी विचारलं आणि थेट दोन टनावर गेला. तिसऱ्याकडे एक टनाचे पीस पडून असावेत, कारण त्याच्या मते "दीडशे फुटाले एक टन बिनधास्त चालते, मॅडम." एकाच खोलीला तासाभरात तीन उत्तरं मिळाली. माझ्या वर्गात असं झालं असतं तर तिघांनाही फळ्याशी बोलावून रीत मागितली असती.

मी नागपुरातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे आजवर एसी नव्हता, कारण कूलर होता. मार्च संपत आला की कूलर बाहेर काढायचा, टाकी घासायची, ताट्यांमधला जुना वाळा फेकून नवा भरायचा, टुल्लू पंप चालतो का ते बघायचं. मग आमचा उन्हाळा सुरू. ४५ अंशांच्या दुपारी इथल्या हवेत ओलावा जेमतेम १५-२० टक्के असतो. त्यामुळे पाणी झपाट्यानं उडतं आणि कूलरची हवा सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरते. त्या खर्चात याहून चांगलं यंत्र या गावासाठी कोणी केलेलं नाही, हे माझं मत आजही कायम आहे.

पण गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंचा दमा वाढला. कूलरची ओली हवा आणि वाळ्याचा तो वास अंगावर आला की रात्रभर खोकला. डॉक्टरांनी कूलरसमोर झोपू नका म्हणून सांगितलं. त्यांची खोली वरच्या मजल्यावरची, डोक्यावर थेट गच्ची आणि एक भिंत पश्चिमेला. घर १९९४ सालचं. एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजता तिथल्या छताकडे हात उंचावला तरी धग लागायची. वर तवा आणि खाली आपण पोळीसारखे पसरलेले.

"दोनच घेऊन टाक," नवरा म्हणाला. "कमी पडला तर काय करशील? जास्त झाला तर बंद करता येतो."

हे वाक्य ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की मीही जवळजवळ हो म्हणणार होते. पण मला डोंबिवलीची ताई आठवली. तिच्याकडे दहा बाय अकराच्या खोलीत दोन टनाचा एसी आहे, जुन्या पद्धतीचा, म्हणजे कॉम्प्रेसर एकतर पूर्ण जोरात चालणार नाहीतर पूर्ण बंद. तिच्याकडे झोपलं की अंग गार पडतं पण चादर दमट लागते. एसी पाच-सात मिनिटांत खोली थंड करतो आणि गप्प बसतो. हवेतलं पाणी काढायला एसीतल्या गार कॉइलवरून, म्हणजे गार नळ्यांच्या जाळीवरून, हवा बराच वेळ फिरत राहावी लागते, आणि तेवढा वेळ हा एसी चालतच नाही. पंखा फिरत राहिला की कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीतच उडतं. तिच्या कपाटातल्या रेशमी साड्यांवर बुरशी आली, तेव्हा तिनं कपाटाला दोष दिला होता.

खरं तर हे यंत्र मुळात ओलाव्यासाठीच जन्माला आलं. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा-आकसायचा आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा नीट बसायचा नाही. त्यावर विलिस कॅरिअर या पंचविशीतल्या इंजिनिअरनं जी यंत्रणा आखली, ती आजच्या एसीची आजी. माणसांना गार वाटणं हा नंतर मिळालेला बोनस.

तर आकार ठरवायचा. त्याआधी टन म्हणजे काय ते बघू, कारण दुकानात एका काकांनी मला विचारलं होतं, "ताई, दोन टनाचं वजन भिंतीले झेपते का?" त्यांना हसू नये. शब्दच तसा आहे. पूर्वी गारवा म्हणजे बर्फ होता, आणि गारवा मोजायचा म्हणजे किती बर्फ वितळला ते मोजायचं. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. तेवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी क्षमता म्हणजे एक टन. दहावीच्या पुस्तकात बर्फाच्या वितळण्याचा अप्रकट उष्मा दिलेला आहे, ग्रॅमला ८० कॅलरी. दर वर्षी पोरं तो पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आता ९०७ ला ८० नं गुणा आणि २४ नं भागा. तासाला ३,०२३ किलोकॅलरी येतात. वॅटमध्ये हे ३,५०० च्या थोडं वर जातं, आणि दुकानदार ज्याला बारा हजार बीटीयू म्हणतात तेही हेच. मी हे गणित दुसऱ्या दिवशी वर्गात घातलं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे मॅडम, दीड टनाचा एसी म्हणजे रोज दीड टन बर्फ घरात?" अप्रकट उष्म्यावर इतकं बरोबर वाक्य मी स्वतः कधी बोलले नव्हते.

मग खरा प्रश्न असा उरतो, की माझ्या खोलीत दर सेकंदाला किती उष्णता शिरते? तेवढीच बाहेर काढायची आहे. फरशीचं क्षेत्रफळ हे त्याचं फार ओबडधोबड उत्तर आहे. उष्णता काही फरशीतून फारशी येत नाही. ती येते छतातून, भिंतींतून, खिडकीतून, दाराच्या फटीतून आणि खोलीतल्या माणसांतून.

एका रविवारी टेप घेऊन बसले. मित्राच्या गॅरेजमधून नवऱ्यानं लांबून तापमान दाखवणारी ती पिस्तुलासारखी बंदूक आणली. दुपारी अडीचला गच्चीवर चप्पल घालूनच जावं लागलं. हवा ४३ अंश आणि गच्चीचं काळपटलेलं सिमेंट ६२.

हिशेब असा झाला. छत साडेचौदा चौरस मीटर, पाच इंची स्लॅब. गच्ची एवढी तापलेली आणि खोली २५ वर ठेवायची, तर छतातून साधारण १,६०० वॅट. हे म्हणजे कपड्यांच्या दोन इस्त्र्या छताला चिकटवून चालू ठेवल्यासारखं. पश्चिमेची नऊ इंची भिंत सव्वाचारशे. खिडकी फक्त चार बाय चारची, पण संध्याकाळी पाचला ऊन थेट काचेवर, त्यामुळे साडेसातशे. आतल्या तीन भिंतींचा विचार कोणीच करत नाही, मीही आधी केला नव्हता. हॉल ३५-३६ अंशांवर असताना त्या भिंतींतूनही सातशेच्या आसपास येतात. माणसं चार धरली, कारण नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, अख्खं घर त्याच खोलीत गाद्या टाकणार हे उघड होतं. माणूस नुसता बसला तरी शंभर वॅटचा दिवा असतो, म्हणजे चारशे. पंखा, ट्यूब, टीव्ही मिळून दीडशे. फटींतून येणाऱ्या हवेचे पावणेतीनशे.

बेरीज ४,३०० च्या जवळपास, म्हणजे सव्वा टनाच्या किंचित आत. यात थोडी लबाडी आहे, कारण सगळे आकडे एकाच वेळी टोकाला जात नाहीत. खिडकीवरचं ऊन साडेसहाला उतरतं आणि स्लॅब तर तेव्हा कुठे रंगात येत असतो. दिवसभर प्यायलेली उष्णता तो रात्री अकरापर्यंत खाली सोडत राहतो. पण जास्तीकडे चुकलेलं बरं, म्हणून तसंच ठेवलं.

सव्वा टन आला म्हणजे दीड टनाचा घ्यावा, असं वाटत असतानाच दुकानातली लेबलं नीट वाचायला घेतली. बीईई या सरकारी संस्थेच्या तारांकित लेबलवर पुढचे तारेच सगळे बघतात. त्याखाली बारीक अक्षरात १०० टक्के भाराची आणि ५० टक्के भाराची क्षमता वॅटमध्ये लिहिलेली असते. दीड टन म्हणजे खरं तर ५,२७५ वॅट व्हायला हवेत. पण "दीड टन" म्हणून विकल्या जाणाऱ्या एका मॉडेलवर ४,७०० होते, दुसऱ्यावर ५,१००. दोन्हींच्या डब्यांवर १.५ छापलेलं. त्यात कंपनी काही खोटं लिहीत नाही, वॅट तिथे दिलेलेच आहेत. आपणच टनावर थांबतो.

दुसरी मेख तापमानाची. ही पूर्ण क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असताना. बाहेर ३५ म्हणजे आमच्याकडे मार्चमधली बरी दुपार. बाहेरच्या हवेचं तापमान वाढत जातं तसं बाहेरच्या युनिटला उष्णता टाकायला जड जातं, आणि ४५-४६ ला क्षमता साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. म्हणजे ४,७०० चा एसी नेमक्या गरजेच्या संध्याकाळी चार हजारांवर येणार, आणि माझी बेरीज ४,३००. "दोन टन" सांगणारा दुसरा दुकानदार मला आता तितका अडाणी वाटेना. त्यानं रीत दाखवली नव्हती एवढंच.

घरी कागद टेबलावर ठेवला. नवऱ्यानं वरून खाली बघितलं आणि बोट पहिल्याच ओळीवर ठेवलं. "छताचेच सोळाशे? मग छताचं काही कर ना."

हे त्यानं सुचवलं, मी नाही, हे इथे नोंदवते, कारण तो वाचणार आहे.

मी पुन्हा बेरीज केली. गच्ची पांढरी केली आणि तिचं तापमान ४७-४८ वर आणलं, तर छताचे सोळाशे साडेनऊशेवर येतात. खिडकीच्या बाहेरून हिरवी नेट लावली तर साडेसातशेचे अडीचशे. बाहेरून लावायची, हे महत्त्वाचं. आतून पडदा लावला की ऊन काच ओलांडून घरात आलेलंच असतं, मग तापलेला पडदा खोलीतच उष्णता सोडतो. नागपुरात दुपारच्या सिग्नलवर दुचाकीवाल्यांच्या डोक्यावर महापालिका जी नेट ताणते, तीच. एवढं केलं की एकूण ३,१५० च्या आसपास वॅट, एक टनाच्या थोडं आत. उन्हाळ्यातली घट धरूनही एक टन कसाबसा पुरेल. तिसरा दुकानदारही बरोबर निघाला! म्हणजे तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, फक्त तिघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळी खोली होती.

शेवटी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, लेबलवर ४,९५० वॅट आणि पाच तारे. एक टन न घेण्याचं कारण असं की कसाबसा पुरणारा एसी सगळी रात्र पूर्ण ताकदीनं धावतो. इन्व्हर्टरचं सगळं कौशल्य अर्ध्या भारावर असतं. कॉम्प्रेसर हळू फिरतो, आत-बाहेरची कॉइलं त्या मानानं ऐसपैस पडतात, आणि तेवढ्याच विजेत जास्त उष्णता बाहेर जाते. ताऱ्यांमागचा तो आयएसईईआर नावाचा आकडाही पूर्ण आणि अर्ध्या भाराची कामगिरी मिळून काढलेला असतो. शिवाय नवतपात चाराचे सहा जण झाले तर? (झाले. नणंद मुलाला घेऊन आली.) दोन टन नको, कारण इन्व्हर्टर झाला तरी तो एका मर्यादेपर्यंतच हळू फिरू शकतो. जुलै-ऑगस्टच्या दमट रात्री खोलीची गरज हजार-दीड हजार वॅटवर येते. तेव्हा दोन टनाचा पुन्हा चालू-बंद करत बसणार आणि आमच्या साड्यांची डोंबिवली होणार.

वायरमन आला, त्यानं खोलीतला जुना पॉइंट उघडला आणि माझ्याकडे वळून बघितलं. "मॅडम, या वायरवर एसी चालवून राहिले काय? हे तर पंख्याची आहे." मुख्य बोर्डापासून चार चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर ओढली, वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवला. विजेच्या बिलावर मंजूर भार किती आहे तेही त्यानंच बघायला लावलं, आम्ही कधी बघितलं नव्हतं. यात एक दिवस आणि भिंतीचा थोडा रंग गेला. एसीच्या किमतीच्या हिशेबात हा खर्च कोणी सांगत नाही.

एसी ३ मे रोजी लागला. गच्चीचा रंगारी १२ तारखेला येणार होता. त्यामुळे मधले नऊ दिवस माझ्या पहिल्या बेरजेची आपोआप परीक्षा झाली.

परीक्षेत मी नापास. संध्याकाळी सहाला एसी लावला, रिमोटवर २४. (२०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ वर सुरू होतात, तसा नियम आहे.) आठ वाजता खोलीतलं साधं थर्मामीटर २९ दाखवत होतं. नऊला साडेअठ्ठावीस. सव्वा टनाच्या खोलीत दीड टन हरत होता. नवरा काही बोलला नाही, पण दोन टन हा शब्द त्याच्या चेहऱ्यावर छापलेला दिसत होता.

पहिली चूक सापडली ती बाहेरच्या युनिटची. बसवणाऱ्या पोरांनी ते पश्चिमेच्या छोट्या गॅलरीत, कठड्याकडे तोंड करून ठेवलं होतं. "तीन मीटर पाइप फुकट, त्याच्यात बसते," म्हणून. पंख्याची गरम हवा कठड्यावर आपटून परत त्याच युनिटच्या पाठीत शिरत होती. थर्मामीटर घेऊन मोजलं. आजूबाजूची हवा ४१ अंश, आणि युनिटच्या मागच्या जाळीशी ५१. बिचारं स्वतःचीच उच्छ्वासाची हवा पुन्हा पीत होतं. जादा पाइपचे पैसे भरले आणि ते गच्चीवर लोखंडी स्टँडवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेलं. गॅलरीत ते ठेवायला मी तरी कशी हो म्हणाले? पाइपचे पैसे वाचत होते म्हणून. बेरजेत मी ४६ अंश धरले होते, आणि युनिटला मात्र ५१ देऊन बसले होते.

हे केल्यावर रात्री नऊला २७ यायला लागले. तरीही सासूबाई म्हणायच्या, "हवा गार आहे गं, पण डोकं तापतंय." मला आधी वाटलं, सवय नाही म्हणून. मग बंदूक छताकडे धरली. ४१! खोलीतली हवा २७, आणि साडेचौदा चौरस मीटरचा एवढा मोठा गरम पत्रा वरून अंगावर उष्णता फेकतोय. शेकोटीजवळ बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तेच इथे उलटं टांगलेलं. हवेचं तापमान बघून एसी समाधानी होतो, पण अंगाला मात्र छताचं तापमान कळतं. दोन टन घेतला असता तर हवा २४ झाली असती, आणि छत ४१ नाही तरी चाळीसच्या घरातच राहिलं असतं.

१२ तारखेला रंगारी आला. भेगा भरल्या, गच्ची धुऊन वाळवली, पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचे दोन हात दिले. १५ ला दुपारी अडीचला बंदूक घेऊन वर गेले. डोळे दिपत होते. हवा ४४ आणि गच्ची ४८. चप्पल काढून दोन पावलं टाकता आली. त्या रात्री नऊला खोलीचं छत ३६. आम्ही रिमोट २४ वरून २६ वर नेला, पंखा हळू ठेवला. सासूबाईंनी दहा वाजता चादर मागितली. ज्या खोलीत मे महिन्यात चादर मागितली जाते ती खोली नागपुरात आहे यावर शेजारच्या काकूंचा विश्वास बसेना, त्या बघायला आल्या.

मी आठवडाभर रात्री झोपताना आणि सकाळी मीटर वाचत होते. रंग देण्याआधी रात्रीच्या आठ तासांना दहा-साडेदहा युनिट जात होती, नंतर सहा-सातवर आली. आमच्याकडे महिन्याची ३०० युनिट ओलांडली की पुढच्या युनिटचा दर उडी मारतो, त्यामुळे हा फरक मीटरवर दिसतो त्यापेक्षा जास्त खिशाला कळतो.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती, पण बादली राहिली.

एसीच्या पाण्याची नळी मी गच्चीच्या पाइपात न सोडता गॅलरीत एका बादलीत सोडली होती, कुतूहल म्हणून. माझ्या हिशेबानं मे महिन्यात बादली जवळपास कोरडी राहायला हवी होती. इथल्या मेच्या हवेत पाणीच नसतं, तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, कॉइलच्या तापमानाच्या आसपास किंवा त्याखालीच असतो, मग कॉइलवर दव जमणार कुठून? बेरजेत मी ओलाव्यासाठी एक वॅटही धरला नव्हता. ताईच्या डोंबिवलीत धरला असता, इथे कशाला?

सकाळी बादलीत पाच लिटर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. मुलगी म्हणाली, आई, आपण चार जण रात्रभर श्वास सोडतो ना, त्याचं असेल. तिचा मुद्दा चांगला होता, पण चौघांच्या श्वासा-घामानं पाच लिटर होत नाहीत. दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले, खोलीचं दार उघडलं आणि हॉलमधून ओल्या वाळ्याचा वास आला.

कूलर! एसी घेतला म्हणून हॉलमधला कूलर काही बंद केला नव्हता. नवरा अजूनही त्याच्यासमोर झोपायचा, एसीत त्याचं अंग दुखतं म्हणे. कूलर बाहेरची कोरडी हवा पाण्यातून ओढून घरात ढकलतो. मे महिन्याचं नागपूर बाहेर होतं, पण आमच्या हॉलमध्ये जुलै चालू होता. आणि ढकललेल्या हवेला कुठून तरी बाहेर जायचं असतं, तर ती आमच्या दाराखालच्या बोटभर फटीतून एसीच्या खोलीत शिरत होती. एक लिटर पाण्याची वाफ कॉइलवर जमवायला एसीला साधारण ६८० वॅट एक तास खर्ची घालावे लागतात. पाच लिटर म्हणजे रात्रभर चार माणसं आणखी खोलीत झोपल्यासारखं.

मजा म्हणजे कूलर बंद करणंही परवडणारं नव्हतं. त्याच्यामुळेच हॉल ३६ ऐवजी २९ वर होता, आणि आतल्या तीन भिंतींचे ते सातशे वॅट निम्म्याच्याही खाली आले होते. एका हातानं देत होता, दुसऱ्यानं काढत होता.

सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझा कागद, बंदूक, बादली त्या महिनाभर बघत होत्या. दुपारी त्यांनी एक विटलेली नऊवारी काढली, तिची घट्ट लांब गुंडाळी केली, दोन टोकांना सुतळी बांधली आणि दाराच्या तळाशी लावून दिली. हॉलची समोरची खिडकीही त्यांनी चार बोटं उघडायला सांगितली. "कूलरची हवा निघायला वाट नको का? आमच्या लहानपणी हे सगळ्यांना ठाऊक होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत लिटरभरच पाणी होतं.